तळ गरम असतानाच मोजावा

१२ जानेवारी

हिलरीने ही वही आणून दिली. म्हणाली, "नॉर्मन, उरलेलं वर्ष माझं डोकं खाण्यापेक्षा हिचं खा." बायकोचा हुकूम आहे, तेव्हा लिहितो.

मी नॉर्मन टेबट, वय एकसष्ट. एकोणीस वर्षं स्टॅनविक संघात शर्यतीच्या गाड्यांचे तळ आखले. गाडीचा तळ कोणी बघत नाही, पण गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहते ती तळामुळे. दोन वर्षांपूर्वी मला एक गोष्ट सुचली. तळाची कड अशा राळेत घडवायची की गाडी धावून तापली की कड मऊ पडेल, खाली झुकेल आणि रस्त्याला ओठ लावल्यासारखी हवा ओढेल. शर्यत संपून तळ निवला की कड पुन्हा ताठ. तपासनीस येतात, कडेला वजन टांगतात, कड ढिम्म हलत नाही. नियम मोडला म्हणावं तर मोडलेला नाही, कारण तळ थंड मोजायचा की गरम, हे नियमात कुठेच नाही. गेल्या साली आमच्या गाडीने चौदा शर्यती मारल्या.

डिसेंबरात बक्षिसांचं जेवण झालं. पिअर्स कोल्टन, आमचा मुख्य तंत्रज्ञ, म्हणजे माझा साहेब, स्टेजवर चढला आणि म्हणाला, "हा तळ आम्हाला सुचला तो दिवस मी कधी विसरणार नाही." आम्हाला! त्या दिवशी हा पठ्ठ्या ऑस्ट्रियात बर्फावर घसरत होता. मी तिसऱ्या टेबलाशी कोकराचं वातड मटण चावत बसलो होतो. चावतच राहिलो. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

आता नऊ महिने घरी. आमच्या धंद्यात माणूस एका संघातून उठून थेट दुसऱ्यात जात नाही. करारातच असतं की मध्ये घरी बसायचं, कोणाचं काम करायचं नाही, आपल्यालाही कोणी काही सांगायचं नाही. लोक तिला बागेची रजा म्हणतात. हेतू एवढाच, की डोक्यातलं सगळं तोवर शिळं व्हावं. ऑक्टोबरपासून मी केल्डर संघात जाणार. तिथली प्रमुख मोइरा गास्क, तिने शब्द दिलाय, तळ पूर्ण माझा, कोणाची लुडबुड नाही. माझी शेवटची गाडी असेल ती.

तोवर दोन कामं आहेत. बाग करायची, हे हिलरीचं. आणि पिअर्सचं नाक कापायचं, हे माझं.

१९ जानेवारी

स्टॅनविकमधून खोकं आलं. आत माती उकरायचा चार दात्यांचा काटा. दांडा आमच्याच कारखान्यातला, काळ्या कार्बनचा, त्यावर चाळीस जणांच्या सह्या आणि मधोमध पिअर्सची, सगळ्यांत मोठी.

"किती सुंदर!" हिलरी म्हणाली.

"हिणवतोय तो मला. जा, माती उकर म्हणतोय."

"नॉर्मन, काटा जमिनीत घालायचा असतो. तू काळजात घालून घेऊ नकोस."

फेकून देणार होतो. पण दुपारी वाफा खणून पाहिला तर हाताला इतका हलका आणि चोख लागला की ठेवून घेतला. कामगारांनी जीव ओतलाय, त्यांच्यावर राग नाही.

३ फेब्रुवारी

आज शपथ घेतली. स्टॅनविकच्या गाडीकडे या वर्षी ढुंकून बघायचं नाही. ना टीव्हीवर, ना छापलेली. माझ्या तळावर तो जिंकणार आणि मी टाळ्या वाजवणार, हे होणे नाही. शर्यतीचं साप्ताहिक दर गुरुवारी येतं. ते प्लास्टिकच्या वेष्टनासकट, न फाडता, बागेतल्या खोपटात टाकायचं. हिलरी म्हणाली, मग वर्गणी बंद कर. बंद केली तर पोस्टमनला वाटेल मी खचलो.

१८ मार्च

ऑल्बन क्रू येऊन गेला. तो नियामक मंडळाच्या तांत्रिक कचेरीत आहे. म्हणजे शर्यतीच्या गाड्या कशा असाव्यात याचे नियम लिहिणारा. माझा तीस वर्षांचा दोस्त. हिलरीने केलेलं मटण दोनदा वाढून घेतलं आणि मग हळूच विषय काढला.

"पुढच्या वर्षाचे बदल ठरताहेत. लवचीक तळांना आळा घाला म्हणून अर्धे संघ माझ्या मानगुटीवर बसलेत. मी एक पळवाट बंद करतो, तुम्ही लोक तीन काढता."

"मग?"

"मग काय! तू सध्या कोणाचाच नाहीस. असा माणूस मला वीस वर्षांत भेटला नाही. जे आहेत ते कोणा ना कोणाचं मीठ खातात."

"ऑल्बन, तू मला विचारतोयस?"

"छे! मी तुला काहीच विचारलं नाही आणि तू मला काहीच सांगणार नाहीस. फक्त कागदावर लिहून टपालाने पाठव. ईमेल नको."

तो गेल्यावर मी तासभर खोपटात नुसता उभा होतो. हसू आवरेना. पिअर्सची मान कापायला सुरी ऑल्बनने माझ्या हातात दिली होती, आणि धार लावायचं कामही माझ्याकडेच.

६ एप्रिल

बटाटे लावले. तपासणीची नवी पद्धत लिहायला घेतली.

आजवर वजन ठरलेल्या दोन जागी टांगत. आम्ही त्या दोन जागा दगडासारख्या करायचो आणि मधली कड मोकळी सोडायचो. आता तपासनीस बोट ठेवेल तिथे वजन. एक फट बुजली.

मग पिअर्स काय करील? वरून ताठ, खालून मऊ. म्हणून खालूनही रेटून बघायचं. दुसरी फट. मग पिळवटून बघायचं. तिसरी. रोज सकाळी पिअर्सच्या खुर्चीत बसतो, पळवाट शोधतो आणि दुपारी ती लिंपतो. इतकं मन लावून मी स्वतःचा तळही आखला नव्हता. हिलरी म्हणते चेहऱ्यावर रंग आलाय. म्हटलं, मोकळ्या हवेचा.

२५ मे

मोनाकोची शर्यत. हिलरी इस्त्री करता करता बघत होती. मी चहा घ्यायला आत आलो, तेवढ्यात स्टॅनविकची गाडी भिंतीवर आदळली. चालक सुखरूप. तिकडे रस्ता अरुंद, म्हणून आपटलेली गाडी क्रेनने उचलतात, आणि गाडी हवेत लटकली की सगळ्या संघांचे कॅमेरे तळाखाली धावतात. एरवी जन्मात कोणी कोणाला आपला तळ दाखवत नाही. क्रेनने पट्टे आवळले आणि पडद्यावर पिअर्सचा चेहरा आला, कानाला फोन, ओठ घट्ट. मी टीव्ही बंद केला.

"अरे, गाडी उचलताहेत, बघू दे ना!"

"शपथ आहे."

"शपथ तुझी आहे. इस्त्री माझी आहे."

तरी चालू केला नाही. पुन्हा वाफ्यात जाऊन गवत उपटलं, त्यात दोन गाजरंही गेली.

१ जून

टॅम्झिन आली होती. अकरा वर्षं माझ्या हाताखाली होती. आता माझी खुर्ची तिला मिळालीय. बागेतल्या रेवाचिनीच्या आंबट काड्या न्यायच्या म्हणून आली, पण काड्या हातात घेऊनही जाईना.

"नॉर्मन, गेल्या रविवारी क्रेन पाहिलीत ना?"

आता हिला काय सांगू, की एकसष्ट वर्षांचा माणूस लहान पोरासारखा टीव्ही बंद करून गाजरं उपटत होता?

"पाहिली की," म्हटलं. "नीट पाहिली."

तिने मोठा श्वास सोडला. "बरं झालं. सांगायचं तर कराराने तोंडाला कुलूप. पण जगाने पाहिलं ते तुम्हीही पाहिलं, त्यात माझा काय दोष? तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"मला कशाला वाईट वाटेल?"

"तुमचं मूल होतं ते."

"होतं," मी म्हटलं. "आता मला त्याचं सोयरसुतक नाही."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, गालाला गाल लावला आणि गेली. गाडी आपटली म्हणून एवढं रडवेलं व्हायचं? मऊ काळजाची आहे. त्या पिअर्सच्या हाताखाली कशी टिकते कोण जाणे.

१४ जुलै

आज ते केलं.

सगळ्या फटी बुजवल्या होत्या, पण खरी फट उरलीच होती. उष्णता. कड तापली की मऊ पडते, हे ऑल्बनला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. फक्त पिअर्सला, टॅम्झिनला आणि मला. तळ थंड मोजला तर बाकी सगळी तपासणी चुलीत गेली. चार दिवस कागद टेबलावर पडून होता. ती एक ओळ घातली की पिअर्स संपला, पण माझी कल्पनाही जगातून गेली, पुन्हा कोणाच्याच हाती लागणार नाही. ती मी केलेली एकमेव मोठी गोष्ट आहे. बाकी एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचंच सुधारत होतो. तिचा गळा मीच दाबायचा? आज सकाळी ठरवलं होतं, नको, राहू दे.

मग आंघोळ करताना ते 'आम्हाला' कानात वाजलं, आणि लिहून टाकलं: गाडी परतल्यापासून दहा मिनिटांच्या आत, तळ गरम असतानाच मोजावा. दोन मिलिमीटरांहून जास्त झुकला तर गाडी बाद.

टपालात टाकायला निघालो तर हिलरीने हाक मारली. भोपळा आता कलिंगडाएवढा झालाय, ओल्या मातीवर बसून खालून कुजेल, गावच्या प्रदर्शनात काय दाखवायचं? खोपटातून एक साप्ताहिक उचललं, वेष्टनातलं, पाणी लागणार नाही असं. भोपळ्याखाली सारलं आणि पाकीट पेटीत टाकून आलो.

५ ऑगस्ट

मोइराचा फोन. ऑगस्टात सगळ्या संघांचे कारखाने पंधरा दिवस सक्तीने बंद असतात, त्यामुळे ती घरी, म्हणजे एडिनबरोला आईकडे होती.

"नॉर्मन, तुमच्यासाठी एक गंमत झाकून ठेवलीय."

"काय?"

"तेच तर सांगता येत नाही ना! ऑक्टोबरात या, बघा, आणि मग मला मिठी मारा. वर्षभर माझी माणसं तेवढ्यासाठीच राबलीत."

गाडीवर वारा सोडून बघायचा नवा बोगदा असणार. गुणी बाई आहे. पिअर्सने असा फोन कधी केला नाही.

११ सप्टेंबर

मतदान झालं. सहा विरुद्ध चार, बदल मंजूर! ऑल्बनने फोनवर नुसतं सांगितलं, "गरम असतानाच." मी स्वयंपाकघरात हिलरीला धरून एक गिरकी घेतली.

"पिअर्सचं तोंड कसं झालं होतं?" मी विचारलं.

"त्याने बाजूने मत दिलं."

"काय?"

"हात वर करणारा पहिला तोच."

ओळखतो मी त्याला. बुक्क्यांचा मार खाऊनही हसणारा माणूस आहे. हरणारच आहे तर निदान सज्जन दिसावं, एवढाच हिशोब. आतून पाचावर धारण बसली असेल. ऑल्बन सांगत होता, विरोधातल्या चौघांपैकी एक संघ शेवटपर्यंत भांडला, वर्षभराची मेहनत मातीत जाते म्हणून. कोण ते त्याने सांगितलं नाही आणि मला पडलंही नव्हतं. हिलरी म्हणाली, "आता तरी तुझा राग शांत झाला?" झाला, म्हटलं. खरं तर झाला नाही. मार्चमधल्या पहिल्या शर्यतीत त्याची गाडी शेवटून दुसरी यायला हवी. शेवटची नको, शेवटच्याची लोकांना दया येते.

१३ सप्टेंबर

टॅम्झिनचा निरोप फोनवर: "गरम मोजायची अट वाचली. हे तुमचंच लिखाण आहे, नॉर्मन. पण तुम्ही क्रेन पाहिली होती ना? मग का?"

लागलेलं दिसतंय. बिचारीचा नाइलाज आहे, पण साहेब निवडताना विचार करायचा. उत्तर दिलं नाही.

१ ऑक्टोबर

केल्डरमधला पहिला दिवस. हिलरीने निळा टाय बांधायला लावला.

मोइरा दारातच उभी होती. लालसर केस, हात यंत्रवाल्यासारखे. पण डोळे सुजलेले. "या," म्हणाली, आणि चहा न विचारता सरळ खालच्या कार्यशाळेत घेऊन गेली. तीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. मधल्या टेबलावर चादरीखाली काहीतरी लांबरुंद. तिने चादर ओढली.

माझा तळ.

माझाच, पण माझ्याहून चांगला केलेला. कडेची राळ मी जशी मनात पाहिली होती आणि स्टॅनविकच्या भट्टीत कधी जमली नाही, तशी. एकसारखी, काळीभोर. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"ओळखली का तुमची पोर?" मोइरा म्हणाली. "गेल्या साली पावसात तुमची गाडी उलटी पडली होती, आठवतं? आम्ही सातशे फोटो काढले. पडल्या पडल्या कड वाकडी दिसत होती आणि अर्ध्या तासाने ट्रकवर चढवताना सरळ. माझ्या माणसांनी तेवढ्यावरून ताडलं की हिला ताप चढतो. अख्खी नवी गाडी या कडेभोवती बांधली. म्हटलं, नॉर्मन येतील तेव्हा त्यांची गोष्ट त्यांच्या हातात द्यायची."

"पण ही तर... पिअर्सकडे आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून ऐकू आला.

"पिअर्सकडे? त्याने ती वसंतातच काढून टाकली! तुम्ही गेल्यावर त्यांना जमेना, कड तडकायला लागली. मोनाकोत क्रेनला लटकली तेव्हा अख्ख्या जगाने पाहिलं, साधा ताठ तळ. तुम्ही नाही पाहिलं?"

तीसही माणसं माझ्याकडे बघत होती.

"तापता तळ ठेवणारे आता आम्ही एकटेच उरलो होतो," ती म्हणाली. "आणि नेमकं आमच्याच मुळावर कोणीतरी आलं. ज्याने ही अट लिहिली ना, तो मला एकदा सापडू दे. सरळ भट्टीत घालीन." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला आल्या आल्या हेच काम देतेय, माफ करा. या नियमात एखादी फट शोधा. हा तळ तुमच्याइतका कोणाला कळतो?"

मी हो म्हटलं. मिठी मारायची होती ती राहिली.

२ ऑक्टोबर

आठ तास स्वतःचाच मसुदा वाचला. आता त्यावर मंडळाचा शिक्का आहे. वरून जावं तर वजन. खालून रेटा. पिळवटून बघावं तर तेही. निववून आणावं तर दहा मिनिटं. जिथे जिथे हात घालतो तिथे मीच आधी बसलेलो. इतका जीव तोडून, इतका दात-ओठ खाऊन कोणी काही लिहिलं की त्यात फट राहत नाही.

संध्याकाळी मोइराने विचारलं. एकही नाही, म्हटलं. ती म्हणाली, "हुशार आहे मेला." मी मान हलवली. सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात तिने तिच्या माणसांना हाक मारली, उद्यापासून कड कापून काढा म्हणून, आणि मी उघडलेल्या तोंडाने तसाच गाडीत येऊन बसलो.

४ ऑक्टोबर

शनिवार. गावचं प्रदर्शन. भोपळा काढायला गेलो. हिलरीने एका बाजूने धरला, मी त्या सह्यांच्या काट्याने खालून उचकटला. खाली तो अंक, वेष्टनाला चिखल, आत कोरडा ठणठणीत. पालथा होता. हिलरीने उलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

मुखपृष्ठावर स्टॅनविकची गाडी, क्रेनला लटकलेली. काळा तळ सरळसोट दिसतोय. आंधळ्यालाही कळावं, यात कड नाही. जूनच्या पहिल्या गुरुवारचा अंक.

वेष्टन फाडलं. आत पिअर्सची मुलाखत होती. विचारलं होतं, ज्या तळाने चौदा शर्यती जिंकल्या तो का सोडलात? उत्तर तीनच ओळींचं होतं. "तो तळ माझा नव्हता, नॉर्मन टेबटचा होता. हे मी डिसेंबरात स्टेजवर म्हणायला हवं होतं, नाही म्हणालो, त्याची मला लाज वाटते. तो गेल्यावर आम्हाला तो जमला नाही."

मी वाफ्यात खाली बसलो. प्रदर्शनासाठी घातलेली निळी पँट होती. हिलरी माझ्या शेजारी बसली आणि तिने माझा हात धरला. मी रडलो, वहीत लपवायचं काय.

"फोन कर पिअर्सला," ती म्हणाली.

"आधी मोइराला," मी म्हटलं. "सोमवारी. तोंडावर."

भोपळ्याला दुसरं बक्षीस मिळालं. परत येऊन या वहीत पाहिलं, अंक भोपळ्याखाली कोणत्या तारखेला सारला ते. चौदा जुलैला सकाळी मी त्या अटीचं पाकीट एका हातात घेतलं होतं आणि हा अंक दुसऱ्या हातात.